किनारपट्टीवरचा पोटविकारतज्ज्ञ : कारकीर्द, रुग्ण आणि आवडीनिवडी

सडेकर (धागाकर्ता)

दुसऱ्या एका चर्चेत मला विचारण्यात आले की, मुंबईत बरी चाललेली प्रॅक्टिस सोडून पोटविकारतज्ज्ञाने सिंधुदुर्गात येऊन काय साधते, आणि येथे या शास्त्राला पुरेसे काम तरी असते का. तेथे उत्तर फार लांबले असते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. माझे म्हणणे असे आहे की या किनाऱ्यावर आमच्या शास्त्राला काम भरपूर आहे. मात्र त्यातला मोठा भाग दुर्बीण (पोटात उतरवायची एंडोस्कोपीची नळी) हातात घेण्याच्या आधी, रुग्णाशी बोलतानाच होऊन जातो, आणि ज्याला येथील शेती, पाणी, मासळी आणि सणवार ठाऊक आहेत त्यालाच ते बोलणे नीट साधते.

आधी थोडे शिक्षणाविषयी. एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचे एमडी आणि त्यावर या विषयातले तीन वर्षांचे डीएम असा हा रस्ता आहे. मी डीएम केले ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात. त्या वेळी आमच्याकडे काचतंतूंची दुर्बीण होती. अशी लवचीक दुर्बीण बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत तयार केली आणि १९५७ साली ती प्रथम स्वतःच्याच घशाखाली उतरवून पाहिली. या दुर्बिणीला डोळा लावून पाहावे लागे, त्यामुळे आत काय आहे ते तपासणाऱ्यालाच दिसे. वापरता वापरता आतील एकेक तंतू तुटत जाई आणि प्रत्येक तुटलेल्या तंतूचा एक काळा ठिपका चित्रात कायमचा बसे. नळी हलवल्यावर जो ठिपका जागचा हलत नाही तो तंतूचा, आणि जो सरकतो तो जठराचा, हा आमचा पहिला धडा होता. पुढे पडद्यावर चित्र दिसू लागले आणि परिचारिकेपासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना एकच गोष्ट एकाच वेळी पाहता येऊ लागली. शिकवण्याच्या दृष्टीने मला हा बदल दुर्बिणीच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

जठरव्रणाची, म्हणजे अल्सरची, कथा तर आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत उलटली. आमच्या आधीच्या पिढीत अल्सर म्हणजे पुष्कळदा शस्त्रक्रिया असे. १९७६ साली सिमेटिडीन आणि १९८८ साली ओमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी औषधे बाजारात आली, तेव्हा आम्ल आवाक्यात आले. परंतु व्रण पुन्हापुन्हा का होतो हा प्रश्न तसाच राहिला होता. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना सापडले. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत संवर्धनाच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहून गेल्या आणि व्रणाच्या मुळाशी असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रथमच वाढलेला दिसला. लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना नोबेल मिळाले ते २००५ साली. ज्या आजारासाठी माणसाच्या जठराचा भाग कापून काढत असत, तो आता बहुधा चौदा दिवसांच्या गोळ्यांनी मुळापासून बरा होतो, ही गोष्ट रुग्णाला सांगताना मला आजही समाधान वाटते.

आता येथील रुग्णांविषयी. पावसाळा सुरू झाला की डोळे पिवळे झालेली माणसे येऊ लागतात. त्यांपैकी काहींना दूषित पाण्यातून होणारी अ किंवा ई प्रकारची कावीळ असते आणि काहींना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा जीवाणूचा आजार) असतो. दोहोंची वाट वेगळी आहे आणि ती पहिल्याच दिवशी ओळखावी लागते. विषाणूच्या काविळीत रुग्णाला मळमळ होते, अन्नावरची वासना जाते, आणि बहुधा ताप उतरता उतरता डोळे पिवळे होतात. रक्तात यकृतातील विकरे (एन्झाइम्स) हजारांच्या घरात चढलेली सापडतात. लेप्टोमध्ये डोळे पिवळे असतात तसेच लालही असतात, पोटऱ्या दाबल्या की माणूस कळवळतो, बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा आणणारे द्रव्य) खूप वाढलेले असूनही विकरे त्या मानाने बेताचीच वाढलेली असतात, आणि मूत्रपिंडे लवकर थकू लागतात. अशा रुग्णाला मी प्रथम विचारतो की लावणीला चिखलात कधी उतरला होता आणि पायाला चीर किंवा जखम होती का. त्या उत्तरावर प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू करता येते. अहवालाची वाट पाहण्यात जाणारे दिवस या आजारात परवडत नाहीत.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे यकृतातील अमिबाजन्य गळू. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, आणि बहुतेक वेळा मध्यम वयाचा पुरुष. मुंबईत आणि केरळातही ताडी-माडी पिणाऱ्यांमध्ये हा आजार अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत. मेट्रोनिडाझोलने बहुतेकांना चांगला उतार पडतो. गळू मोठे असेल किंवा फुटण्याच्या बेतात असेल तर सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई किंवा नळी घालून पू काढावा लागतो.

विचारावेसे वाटेल ते अवश्य विचारावे. कोणाच्या अहवालावर येथे मत देणार नाही, एवढी एकच मर्यादा मी पाळणार आहे.

सुरंगी

डॉक्टरसाहेब, लेख फार आवडला. माझ्या वडिलांचे अल्सरचे ऑपरेशन १९७०च्या दशकात मिरजेला झाले होते. ‘शीर कापून पोटाला दुसरी वाट काढली’ असे घरात सांगत. ते कशासाठी करत असत हे आज प्रथमच समजले. माझा प्रश्न साधा आहे. आमच्या घरी सासूबाई गेली काही वर्षे रोज सकाळी पित्ताची गोळी घेतात आणि ती एक दिवस जरी चुकली तरी छातीत जळजळ होते. ही गोळी जन्मभर घ्यावी लागते का?

सडेकर

सुरंगीताई, आपल्या वडिलांची शस्त्रक्रिया बहुधा जठराकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या छेदाची असावी. तो मज्जातंतू जठराला आम्ल पाझरण्याचा संदेश देतो. तो छेदला की जठर नीट रिकामे होत नाही, म्हणून लहान आतड्याशी नवी वाट जोडून देत.

गोळीविषयी सांगायचे तर काहींना ती खरोखरच दीर्घकाळ लागते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे आणि पूर्वी एकदा व्रणातून रक्तस्राव झाला आहे असा रुग्ण, किंवा अन्ननलिकेला आम्लामुळे तीव्र दाह झालेला रुग्ण, यांनी ती स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. परंतु एके काळी चार दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी कोणीच थांबवायला न सांगितल्यामुळे वर्षानुवर्षे चालू राहते, असेही फार मोठ्या प्रमाणावर घडते. ती अचानक सोडली की जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करते. त्या जळजळीवरून आजार अजून आहे असा रुग्णाचा समज होतो आणि गोळी पुन्हा सुरू होते. म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलून ती हळूहळू कमी करावी. जोपर्यंत घ्यायची आहे तोपर्यंत न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावी. जेवणानंतर घेतलेल्या गोळीचा गुण बराचसा वाया जातो.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारतो. सासूबाई गुडघ्यांसाठी दुसरी कोणती गोळी घेतात का? लावणी-कापणीच्या दिवसांत दुकानातून सुटी मिळणारी वेदनाशामके आमच्याकडील रक्तस्रावाच्या रुग्णांमागे वारंवार सापडतात. शौच डांबरासारखे काळे आणि चिकट झाले तर तो रक्तस्राव समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रापणकार

आमचे घराणे मासेमारीचे आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बांगडा खाल्ल्यावर घरातील तिघांची तोंडे एकदम लाल झाली, डोके ठणकू लागले, जुलाब झाले. डॉक्टरांनी मासळीची ॲलर्जी सांगितली आणि पुढे मासे खाऊ नका म्हणून बजावले. आमच्यासारख्यांनी मासे सोडायचे म्हणजे काय? दुसरे, घशात काटा अडकला की आमच्याकडे भाताचा घट्ट गोळा गिळायला देतात, ते बरोबर आहे का?

सडेकर

एकाच ताटातील मासा खाऊन तिघांना तासाभराच्या आत सारखाच त्रास झाला असेल, तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता कमी आहे. बांगडा, कुप्पा अशा मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. पकडल्यापासून मासा बर्फात राहिला नाही तर जीवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात आणि ते पोटात गेले की ॲलर्जीसारखीच लक्षणे उमटतात. हे हिस्टामिन शिजवून, तळून किंवा खारवून नष्ट होत नाही. म्हणजे दोष माशाचा नसून त्याला मिळालेल्या उन्हाचा असतो, आणि ताजा किंवा नीट बर्फात ठेवलेला बांगडा अशा माणसाने पुढे खायला हरकत नसते. तिघांपैकी एकालाच दरवेळी त्रास होत असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

भाताचा गोळा देऊ नये. काटा वरवर टोचलेला असेल तर तो सुटतोही, परंतु अन्ननलिकेत रुतलेला असेल तर गोळ्याच्या दाबाने आणखी खोल जातो आणि अन्ननलिकेला भोक पडले तर संसर्ग थेट छातीत पसरतो. थुंकी गिळतानाही टोचत असेल, किंवा लाळ गिळताच येत नसेल, तर काही न खाता-पिता रुग्णालयात यावे. टोकदार वस्तू शक्य तितक्या लवकर आणि चोवीस तासांच्या आत दुर्बिणीतून काढायची असते.

याच ओघात आपल्या मंडळींसाठी आणखी एक सूचना. ज्यांना लिव्हर सिरॉसिस (यकृत कायमचे घट्ट आणि निकामी होत जाणे) आहे त्यांनी कालवे किंवा तिसऱ्या कच्च्या अथवा अर्धवट शिजवलेल्या कधीही खाऊ नयेत. समुद्राच्या कोमट पाण्यातील व्हिब्रिओ जातीचा एक जीवाणू निरोगी माणसाला क्वचितच त्रास देतो, पण सिरॉसिसच्या रुग्णाच्या रक्तात शिरला तर तो प्राणघातक ठरू शकतो. आपल्याकडे तिसऱ्या शिजवूनच खातात ही चांगली गोष्ट आहे.

घाटमाथा

मी सध्या एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझे मूळ गाव देवगड तालुक्यात आहे. डीएम करून परत यावे असे फार वाटते. पण ज्येष्ठ म्हणतात की ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेवर करायचे उपचार), एंडोसोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकाने आतून करायची सोनोग्राफी), यकृत प्रत्यारोपण यांपैकी काहीही तेथे नसेल तर शिकलेले गंजून जाईल. आपला अनुभव काय आहे, हे स्पष्टपणे सांगावे ही विनंती.

सडेकर

आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्येष्ठ म्हणतात त्यात तथ्य आहे. पित्तनलिकेतील खडा अडकून ताप आणि कावीळ झालेल्या रुग्णाला ईआरसीपीसाठी मी आजही कोल्हापूर किंवा गोव्याला पाठवतो. प्रत्यारोपणासाठी तर पुण्या-मुंबईशिवाय इलाज नाही. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली सुरू केलेली, अन्ननलिकेचा आवळलेला स्नायू दुर्बिणीतूनच छेदण्याची पद्धत पाहिली, तेव्हा आपण हे रोज करत नाही याची हुरहूर मलाही वाटली. ती वाटणारच.

परंतु यकृतरोग्याला रात्री रक्ताची उलटी होते तेव्हा त्याचे काय होणार, हे पुष्कळसे पहिल्या काही तासांत ठरते, आणि त्या तासांत तो कोल्हापुरात नसतो, तो गावात किंवा घाटात असतो. शिरेतून सलाइन, शिरांतील दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, आणि सेफ्ट्रिआक्झोनसारखे प्रतिजैविक, या तीन गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी करता येतात. रक्त किती द्यायचे हेही ठरवावे लागते. २०१३ साली बार्सिलोनातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचे धोरण ठेवले तर अधिक रुग्ण वाचतात. सढळ हाताने रक्त दिल्यास शिरांतील दाब वाढून पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. त्यानंतर बारा तासांच्या आत दुर्बिणीतून अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरेला रबरी कडे बांधायचे. हे काम मी येथे करतो, आणि ते येथेच होण्याला जो अर्थ आहे तो मुंबईत नाही, कारण मुंबईत ते करणारे पुष्कळ आहेत.

दुसरा मोठा भाग निदानाचा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स आजार (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आतड्याचा दाह) दुर्बिणीतून, तुकड्याच्या तपासणीत आणि सीटी स्कॅनवर इतके सारखे दिसू शकतात की अनुभवी माणसेही थबकतात, आणि उपचार मात्र अगदी उलटे आहेत : क्षय असताना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली तर क्षय उसळतो. अशा वेळी रुग्णाला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहता येणे, तो दूर न राहता एसटीने येऊन भेटू शकणे, हाच निदानाचा मोठा आधार असतो. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेव्हा शिकवण्याची संधीही राहील. माझा सल्ला असा की डीएमनंतर काही वर्षे मोठ्या केंद्रात राहून हात पक्का करावा आणि मग यावे. अगदी लगेच येऊ नये.

माहेरवाशीण

काविळीसाठी आमच्या गावी गळ्यात काड्यांची माळ घालतात. ती जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याबद्दल आपण काय म्हणाल?

सडेकर

माळ लांब होते हे खरे आहे, कावीळ उतरते हेही पुष्कळदा खरे आहे. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ वाढते. ती निरोगी माणसाच्या गळ्यातही वाढेल. अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळेने अपाय होत नाही, म्हणून रुग्णाने ती घातली तर मी ती काढायला लावत नाही. पण तिच्या भरवशावर कोणी तपासणी टाळली तर मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगतो. गरोदर स्त्री असेल तर विशेषच, कारण शेवटच्या तिमाहीत ई प्रकारची कावीळ झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. झोपेचे चक्र उलटणे, असंबद्ध बोलणे, रक्त न गोठणे, ही लक्षणे दिसली तर एक तासही दवडू नये.

पोटात घेण्याच्या औषधांबद्दल मात्र मी इतका सौम्य नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दर्शवली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. माझा नियम असा आहे की यकृत आधीच आजारी असताना कोणत्याही पद्धतीचे अनावश्यक औषध घेऊ नये.

कातळफूल

आपल्या नावावरून आपल्याला सड्यांची (कोकणातील कातळी पठारांची) आवड असावी असे वाटते. दवाखान्याबाहेरच्या डॉक्टरांविषयीही वाचायला आवडेल.

सडेकर

अंदाज बरोबर आहे. वर्षातील आठ महिने सडा काळाकोरडा असतो आणि रस्त्याने जाणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. डिपकाडी कोंकनेन्स हे तिचे शास्त्रीय नाव, आणि नावाप्रमाणेच ती कोकणाचीच आहे. श्रावणाच्या सुमारास पातळ मातीच्या थरावर सीतेची आसवे फुलतात. ही निळी-जांभळी नाजूक फुले एका कीटकभक्षी वनस्पतीची आहेत. तिच्या तळाशी टाचणीच्या डोक्याहून बारीक फुगे असतात. पाण्यातील सूक्ष्म जीव त्याच्या दाराशी आला की दार उघडते, तो आत ओढला जातो आणि दार मिटते. हे सारे डोळ्यांना दिसणारच नाही इतक्या वेगाने होते. मग फुग्यातच पाचक विकरे पाझरतात आणि त्या जीवाचे पचन होते. आयुष्यभर माणसाच्या पचनाचा अभ्यास केलेल्या मला हे प्रथम समजले तेव्हा मी भिंग घेऊन सड्यावर कितीतरी वेळ बसून राहिलो होतो. शेजारीच दवबिंदू असतो. त्याच्या पानांवरचा चिकट थेंब कीटकाला धरून ठेवतो आणि पचवतो. नत्र जेमतेम असलेल्या कातळावर जगण्यासाठी या झाडांनी पचन शिकून घेतले आहे.

त्याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या अंगभर कोरलेले इतर प्राणी ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी अवश्य पाहावेत. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, आपल्या जिल्ह्यातील कुडोपी अशा स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली समावेश झाला, पण ज्या कातळावर ही शिल्पे आहेत तो चिरेखाणींसाठी सर्वत्र कापला जात आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. चिऱ्याबरोबर फुलेही जातात.

दुसरी आवड भजनाची. आमच्या वाडीच्या मंडळात मी पेटीवर साथ करतो आणि चांगली डबलबारी असेल तर दूरच्या गावीही जातो. दोन बुवांनी रात्रभर एकमेकांना गाण्यातून प्रश्न टाकायचे आणि उत्तरे द्यायची, हा प्रकार ज्याने समोर बसून ऐकला नाही त्याला नुसते सांगून समजणार नाही. गणपतीत घरोघर आरतीला गेलो की पोटाच्या तक्रारी निघतात. आरती होईपर्यंत मी त्या ऐकत नाही. नंतर मात्र माजघरात बसून ऐकतो. दवाखान्यात ‘कधीमधी घेतो’ असे सांगणारा माणूस तेथे रोज किती घेतो ते सांगतो, आणि त्याची पत्नीही समोरच असते.

घाटमाथा

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. ज्येष्ठांना हे वाचायला देणार आहे.

रापणकार

शेवटचा एक प्रश्न. भावाला रक्तदानाच्या वेळी ब प्रकारची कावीळ असल्याचे कळले. त्याला काहीच त्रास नाही. घरातील ताटवाटी वेगळी करावी का?

सडेकर

ताटवाटी वेगळी करण्याची काहीही गरज नाही. तो एकत्र जेवू शकतो, मुलांना जवळ घेऊ शकतो. ब प्रकारचा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला जातो. त्याचा वस्तरा आणि दात घासण्याचा ब्रश मात्र दुसऱ्याने वापरू नये. त्याची पत्नी, मुले, भावंडे आणि आई यांची एचबीएसएजी ही रक्ततपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना लागण नाही व पूर्वी लस मिळालेली नाही त्यांनी लसीचे तीन डोस पूर्ण करावेत. घरात पुढे बाळंतपण असेल तर बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळालाच पाहिजे. आईलाच लागण असेल तर त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते, म्हणून प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी. भावाला त्रास नसला तरी विषाणूचे प्रमाण, यकृताची विकरे आणि सोनोग्राफी यांवरून औषध लागते की नाही हे ठरते. लागत नसेल तरीही दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये. २०१८ साली सुरू झालेल्या, विषाणूजन्य काविळीच्या नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे शासकीय केंद्रांवर मोफत मिळतात, तेव्हा खर्चाच्या भीतीने त्याने थांबू नये. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी आणि रक्तपेढीने दिलेला कागद बरोबर न्यावा.